चालीवरचं स्पॅनिश

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी जी भाषा ऐकू यायची, ती घरातल्या कुणालाच बोलता येत नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंघोळ करून आले की बुद्धाच्या फोटोपुढं उभे राहून पालीतली वंदना म्हणायचे. मागं आई आणि मी. शब्दांचा अर्थ आप्पांना थोडाफार माहीत होता, आईला त्याहून कमी, आणि मला विचाराल तर माझी पाटी कोरीच होती. पण आमचं एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. वंदनेला चाल होती, आणि चालीवर बसलेलं अक्षर जागचं हलत नाही, असं आप्पांचं ठाम मत होतं.

हे मत त्यांनी हवेतून काढलेलं नव्हतं. ते प्राथमिक शिक्षक. निम्मी नोकरी गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या खेड्यांत गेली. तिथल्या पोरांच्या घरात कानडी. पहिलीच्या वर्गात मराठीतून ‘बसा’ म्हटलं तर निम्मी उभी राहायची आणि निम्मी घरी निघायची. त्या पोरांना आप्पांनी मराठी शिकवली ती पुस्तकातली प्रत्येक कविता चालीवर म्हणायला लावून. आधी चाल, मग शब्द, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. “अर्थ मागनं येतोय,” ते म्हणायचे, “एस्टीच्या मागनं धुरळा येतोय तसा. त्याला बोलवाय लागत न्हाय.” आणि खरंच, ती पोरं चौथीपर्यंत मराठीत भांडायला शिकायची. तपासणीला येणारे साहेब आप्पांच्या वर्गात मुद्दाम जास्त वेळ बसायचे.

आप्पा निवृत्त झाले आणि माझ्या कॉलेजसाठी आम्ही कोल्हापुरात आलो. शिवाजी पेठेत भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. खोल्या दाखवताना घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, आडनाव ऐकून गाव विचारलं, आणि गाव ऐकून गावात घर कुठल्या अंगाला असं विचारलं. आप्पांनी तिन्ही उत्तरं खरी दिली. खोल्या मिळाल्या. पण त्या दिवसापासून आमची सकाळची वंदना हळू आवाजात होऊ लागली. आप्पांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलंही नाही. काही गोष्टी भाड्यातच धरलेल्या असतात.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी बी.ए. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आणि त्यानंतर काहीच झालं नाही. अर्ज करायचे, मुलाखतीला जायचं, परत यायचं. मुलाखतीच्या बाहेर बसलेल्या बायकांशी माझ्या ओळखी झाल्या होत्या, इतक्या त्याच त्याच बायका. एके दिवशी पेपरात पुण्याच्या एका भाषासंस्थेची जाहिरात आली : घरी बसून परकीय भाषा शिका. फ्रेंच आणि जर्मन सगळ्यांना हवं होतं, स्पॅनिशला कुणी विचारत नव्हतं. आम्हालाही कुणी विचारत नव्हतं, म्हणून आम्ही स्पॅनिशला विचारलं.

माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. लेखी आणि तोंडी दोन्ही परीक्षांत चांगल्या रीतीनं उत्तीर्ण होणाऱ्यांना संस्थेत शिकवण्यासाठी घेतलं जाईल, राहायची सोय केली जाईल. आप्पांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, आईला ऐकवली, मग चष्मा पुसून परत वाचली. त्या क्षणापासून आम्हा दोघांना दुसरं काही दिसेना. मला पुण्यात एक खोली हवी होती, समोर एक फळा हवा होता, आणि ‘तुम्ही कुठल्या?’ असं कुणी विचारलं तर ‘मी स्पॅनिश शिकवते’ एवढ्यावर गप्प बसेल असं जग हवं होतं. एवढंच मागणं होतं माझं. आजही ते मला फार वाटत नाही.

पार्सलात एक व्याकरणाचं पुस्तक, एक कवितांची पातळ पुस्तिका आणि एक कॅसेट आली. तोंडी परीक्षा त्या पुस्तिकेवरच होणार होती. कॅसेटवर एक बाई त्याच कविता वाचत होती, आणि कुणीतरी मागं लागल्यासारखी वाचत होती. आप्पा मांडी घालून, डोळे मिटून ऐकत बसले. कविता संपली तसे म्हणाले, “बाई घाईत हाय. चालच न्हाय लावली तिनं.”

ती घाईतली बाई आमच्याकडं आठवडाभरही टिकली नाही. आमच्या टेपरेकॉर्डरनं तिला खाल्लं. बाहेर काढेपर्यंत तपकिरी फितीचा गुंता झाला होता, आणि आप्पांनी पेन्सिल घालून कितीही फिरवलं तरी पुढं नुसती खरखर. दुसरी मागवावी असं मी म्हटलं. आप्पा म्हणाले, “कशाला? पुस्तक हाय की आपल्याकडं.”

पुस्तक वाचायला तसं अवघड नव्हतं. स्पॅनिश बरीचशी लिहिली तशी वाचतात, आपल्यासारखीच. व्याकरणात बघून मी प्रत्येक ओळीवर पेन्सिलनं देवनागरी लिहिली. विहिरीला पोथो, नदीला रिओ, घोड्याला काबायो, सावलीला सोम्ब्रा. आप्पांनी ती पुस्तिका हातात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा मला आठवतो. निवृत्तीनंतर हा माणूस नुसता पेपर वाचत आणि पाणी भरत बसला होता. आता त्याच्यापुढं कविता होत्या आणि एकीलाही चाल नव्हती.

पहिली कविता कोरड्या विहिरीवर होती. तिला त्यांनी जात्यावरच्या ओवीची चाल लावली. दुसरी नदीची, तिला पाळण्याची. तिसऱ्या कवितेत एक आंधळा घोडा रणातून एकटाच घरी येतो. ती वाचून आप्पा उठून उभेच राहिले आणि शाहिरासारखा हात कानाला लावून म्हणाले, “ही तर पोवाड्याचीच हाय की!” आणि ती पोवाड्याची झाली. मला जे आठवडाभर घोकून पाठ होत नव्हतं, ते त्यांच्या चालीवर दोन-तीनदा म्हटलं की जिभेवर बसायचं. रात्री झोपेत विचारलं असतं तरी मी काबायो कुठून कुठं गेला ते सांगितलं असतं.

मग आमची दोघांची शाळा भरायला लागली. नळाला पाणी यायच्या वेळेला आप्पा बादलीपाशी आणि मी चुलीपाशी, आणि मधे स्पॅनिश. ओळ त्यांनी सुरू करायची, मी उचलायची, शेवटचं अक्षर दोघांनी लांबवायचं. शेजारच्या काकूंनी एकदा दारात येऊन स्पष्टच विचारलं, “मास्तर, ह्ये तुमचं मयतीचं म्हणणं हाय का बारशाचं?”

“स्पेनचं हाय,” आप्पा म्हणाले.

“कुठं आलं ते?”

“लई लांब. समुद्रापल्याड.”

“मग जरा हळू म्हणा की. हितं माझा नातू उठतोय.”

पण आप्पांनी आवाज हळू केला नाही. हे मला फार उशिरा कळलं. वंदना ते ओठांतल्या ओठांत म्हणायचे आणि स्पॅनिश मात्र गल्लीला ऐकू जाईल असं. पेठेतल्या तालमीच्या संघातली पोरंसुद्धा फुटबॉल घेऊन जाताना थांबायची आणि हसायची. आप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या भाषेवरून आम्ही कोण हे कुणालाही ओळखता येत नव्हतं. आयुष्यभर बोलताना जपून बोललेला माणूस, त्याला पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं म्हणायला काहीतरी मिळालं होतं. मलाही तेच सुख होतं. ती दोन-तीन वर्षं मी सुखी होते, असं सरळ लिहून टाकते. पुढं तसं लिहायची वेळ येणार नाही.

शब्दांची मात्र आमच्याकडं गंमत होती. आम्हाला कवितेत होते तेवढेच शब्द येत होते. मीठ, जखम, सावली, विधवा, धूळ, घंटा, कफन. तिकीट येत नव्हतं, भाजी येत नव्हती, ‘किती वाजले’ येत नव्हतं. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो की आप्पा बोट दाखवून एकेक म्हणायचे. झाडाखाली बोट दाखवून सोम्ब्रा. टांग्याच्या घोड्याला काबायो. तळ्यालाच शब्द नव्हता, कारण एकाही कवितेत तळं नव्हतं. तेव्हा आम्ही रंकाळ्याला रिओ म्हणायचं ठरवलं. “थांबलेली नदी समज,” आप्पा म्हणाले. एकदा भेळ खाता खाता त्यांनी कागदातल्या मिठाकडं बघून ‘साल’ म्हटलं आणि भेळवाल्यानं शिवी ऐकल्यासारखं वर बघितलं. आम्ही इतके हसलो की मला ठसका लागला.

आई हसायची नाही. आईला स्पॅनिशमध्ये काही राम दिसत नव्हता. “पोरीचं वय चाललंय,” ती म्हणायची, “आन् तुमी बापलेक घोडं नाचवत बसलाय.” स्थळं येत होती, तीही बेताचीच होती. मी पुण्याच्या परीक्षेचं कारण पुढं करून एकेक टाळत होते, आणि आप्पा माझ्या बाजूनं उभे राहत होते.

लेखी परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले. आप्पांनी पेढे वाटले, घरमालकांनाही दिले. त्यांनी ते घेतले. मग तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं, आणि आम्ही पहाटेच्या एस्टीनं पुण्याला निघालो. आप्पांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन लावलं होतं. कराड येईपर्यंत आम्ही सगळ्या कविता हळू आवाजात म्हणून काढल्या. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून हात जोडले. त्याला वाटलं आम्ही देवाचं म्हणतोय.

परीक्षेच्या खोलीत टेबलापलीकडं दोघंजण होते. एक आपल्याकडचे मास्तर आणि एक स्पेनहून आलेली बाई. बाई वयस्कर, गोरी, डोळ्यांनी प्रेमळ. मी आयुष्यात स्पॅनिश बोलणारं माणूस पहिल्यांदा बघत होते. बाहेरच्या बाकावर आप्पा बसले होते आणि दाराच्या वरची झडप उघडीच होती. बाईंनी आधी नाव-गाव विचारलं. मी अडखळत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, पुस्तिकेतली तुम्हाला आवडणारी कोणतीही कविता वाचा. मी म्हटलं, वाचायची गरज नाही, मला पाठ आहे. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी हात जोडून मांडीवर ठेवले.

मी विहिरीची म्हटली. ओवीच्या चालीवर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कुठंही न अडता. शेवटची ओळ आम्ही जिथं लांबवायचो तिथं लांबवली. बाईंनी डोळे मिटले होते. म्हणून झाल्यावर त्या डोळे उघडून इंग्रजीत म्हणाल्या, “फार सुंदर. तुमच्याकडं सुरुवातीला प्रार्थना म्हणायची ही पद्धत मला आवडली. आता कविता म्हणा.”

मला आधी कळेना. आपल्याकडचे मास्तर खाली मान घालून कागदावर काहीतरी गिरवायला लागले. मग मी सांगितलं की हीच कविता होती. पुस्तिकेतली पहिली. बाईंनी पुस्तिका उघडली, पान बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि तेच मला सहन होईना. त्यांनी माझं हसं केलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी स्वतः ती कविता वाचून दाखवली. दारात उभं राहून शेजारणीला काही सांगावं तशी. शब्दातल्या एकाच अक्षरावर जोर, बाकीची अक्षरं नुसती उरकलेली, एक शब्द दुसऱ्यात मिसळलेला. आमच्या चालीत सगळी अक्षरं पंगतीला एका रांगेत बसलेली होती आणि शेवटच्याला वाढप जास्त. बाईंची कविता आमच्या निम्म्या वेळात संपली. मला तोंडपाठ असलेली कविता होती ती, आणि त्यातला ‘पोथो’ सोडला तर मला एक शब्दही ओळखू आला नाही. त्या खोलीत मला स्वच्छ कळलं की मला स्पॅनिश येत नाही. कधीच येत नव्हतं.

बाहेर आले तर आप्पा उभे होते. चेहरा फुललेला. “ऐकलं सगळं,” ते म्हणाले. “कुठं न्हाय चाल तुटली. बाई कशी गप झाली बघ ऐकून!”

त्यांना तिथंच सांगायचं माझं धाडस झालं नाही. एस्टी घाट उतरून साताऱ्याच्या पुढं आली तेव्हा सांगितलं.

“आप्पा, मी नापास झालो.” कोल्हापुरात आम्ही बायकाही झालो-गेलोच म्हणतो.

“कशात चुकलीस?”

“चुकलो न्हाय. त्यांच्यात चालीवर म्हणत न्हाईत.”

आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. ऊस चालला होता, दोन्ही बाजूंनी नुसता ऊस. मग त्यांनी विचारलं, “मग कसं म्हणत्यात?”

“बोलल्यासारखं.”

“आन् मग पाठ कसं ऱ्हातंय त्यांच्या?”



संस्थेनं कळवलं की तोंडी परीक्षा आणखी एकदा देता येईल, त्यानंतर नाही. उच्चार सुधारा, असं खाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं. मी नवीन कॅसेट मागवली. राजारामपुरीत तेव्हा सायबर कॅफे निघाले होते, तिथं जाऊन स्पॅनिश रेडिओ ऐकायचा प्रयत्न केला. दोन शब्द यायचे आणि मशीन अडकायचं. मी चालत म्हणून बघितलं, भिंतीकडं तोंड करून म्हणून बघितलं, दाताखाली पेन्सिल धरून म्हणून बघितलं. काही उपयोग नाही. पहिला शब्द सरळ जायचा, दुसरा सरळ जायचा, तिसऱ्याला जिभेला आपोआप ओवीचा हेलकावा यायचा. मला स्वतःच्या जिभेचा इतका राग आला की एकदा मी ती चावली. चाल काढायची म्हणजे काय करायचं हे जगात कुणाला माहीत होतं? लावायची कशी हे सांगणारा घरातच होता, काढायची कशी हे सांगणारा कुठं मिळणार?

आप्पांनी ते मनावर घेतलं. मी सांगितलं नव्हतं, सांगावं असं माझ्या मनातही नव्हतं. एके दिवशी पाहिलं तर ते कॅसेट लावून बसले होते, बाईच्या मागोमाग एकेक शब्द बोलत होते. गुडघ्यावर तळहात घट्ट दाबून धरलेला, ताल धरला जाऊ नये म्हणून. चूक झाली की कॅसेट मागं घ्यायचे आणि परत. साठी उलटलेला माणूस, घामाघूम. मी म्हटलं, “आप्पा, तुमी कशाला?”

“मी चालीवर म्हटलं की तुझ्या कानात जातंय,” ते म्हणाले. “घरातनंच गेली पायजे ती.”

आणि घरातनं ती गेली. आधी कविता गेल्या. मग पाणी भरताना गुणगुणणं गेलं. एके सकाळी वंदनेला उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आप्पा वंदनासुद्धा नुसती वाचल्यासारखी म्हणतायत. आई मधेच थांबली. तिला कुठं उचलायचं ते कळेना. आप्पा न थांबता शेवटपर्यंत गेले आणि चहा मागितला. त्यानंतर आई पाठीमागं उभी राहायची, पण तोंड उघडायची नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, “मास्तरांचा घसा बसलाय काय?”

दुसऱ्या परीक्षेला मी एकटीच गेले. बाई स्पेनला परत गेल्या होत्या, दुसरे कुणीतरी होते. मी उभी राहिले आणि ठरवलं, चाल म्हणून येऊ द्यायची नाही. नाहीच आली. पहिली ओळ मी अगदी सरळ म्हटली, त्यांनी मान डोलावली, आणि मग दुसरी ओळ नव्हतीच. शब्द चालीला टांगलेले होते. चाल काढून घेतली तशी दोरी तुटून सगळे कपडे खाली. मी तोंड उघडं ठेवून उभी होते. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. परीक्षकांनी वाट बघितली, अगदी सभ्यपणे बघितली, मग म्हणाले, ठीक आहे, बसा.

परत येताना मी रडले नाही. रडण्यासाठी थोडी तरी आशा शिल्लक असावी लागते. आप्पा स्टँडवर न्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. झालं एवढंच.

पुढचं लिहिण्यासारखं काही नाही. मला एका विनाअनुदानित शाळेत नोकरी लागली, पाचवी ते सातवी. लग्न होता होता राहिलं, मग तो विषयच निघेनासा झाला. पुण्याच्या त्या संस्थेत आता कोण शिकवतं मला माहीत नाही. ‘तुम्ही कुठल्या?’ हा प्रश्न मला शाळेत पहिल्याच दिवशी, आडनाव आणि घर कुठल्या अंगाला यांच्यासकट, विचारला गेला, आणि आप्पांसारखीच मीही तिन्ही उत्तरं खरी दिली.

आप्पांचं हृदय पुढं अधू झालं. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली, मग फिरायला बंदी केली. ते कॉटवर भिंतीला टेकून बसायचे. एका रविवारी दुपारी वीज गेली होती, टीव्ही बंद, आई तांदूळ निवडत होती. घर इतकं गप्प होतं की मला ते एकदम असह्य झालं. मी पुस्तिका काढली आणि त्यांच्या हातात दिली.

“आप्पा, विहिरीची म्हणा की. ओवीवरची.”

त्यांनी चष्मा लावला, पान उलटलं. माझी पेन्सिल बरीच पुसट झाली होती, पण त्यांनी वरची देवनागरी बघितलीच नाही. खालच्या छापील ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणायला लागले. दारात उभं राहून कुणाला काही सांगावं तसं. जोर जिथं द्यायचा तिथं, बाकीची अक्षरं उरकलेली, एक शब्द दुसऱ्यात अलगद मिसळलेला. दम लागत होता, तरी कुठंही अडखळले नाहीत. पुण्याच्या त्या खोलीत बाईंनी जसं वाचलं होतं तसंच, अगदी तसंच.

“तसं नव्हं आप्पा,” मी म्हटलं. “चालीवर म्हणा. आपल्या.”

त्यांनी तोंड उघडलं. हात गुडघ्यावर आला, एकदा थाप पडली, दुसरी पडली नाही. त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं, परत ती सरळच आली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून बघितलं. आईचं सूप थांबलं होतं.

“न्हाय येत बाळ,” ते म्हणाले. “वंदनंचीबी न्हाय येत आता.”

त्यांनी पुस्तिका मिटली, माझ्याकडं बघितलं आणि पोरानं पाढे म्हणून झाल्यावर मास्तरांकडं बघावं तसं विचारलं, “पन आता बराबर हाय न्हवं?”

“बराबर हाय आप्पा,” मी म्हटलं.

ते बरोबरच होतं. आमच्या घरात इतकं बरोबर स्पॅनिश कधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि मला त्यातलं एक अक्षरही ऐकवत नव्हतं.